मांजर आणि कुंड्या

मुलांनो, पाळलेले मांजर कुंडीतली माती का उकरते? तो खोडसाळपणा नव्हे. मऊ, कोरडी माती त्याला शी करून झाकायला सोयीची वाटते. म्हणून मातीवर मोठे गोटे पसरावेत. मांजराला मारू नये. मार कशाबद्दल मिळाला, हे त्याला समजत नाही.

मांजर पानेही चावते. त्याच्यासाठी एका पसरट कुंडीत गहू पेरा. आठ-दहा दिवसांत कोवळी पाती येतात. ती त्याला खुशाल खाऊ द्या. मनीप्लँटची वेल मात्र उंच टांगा. तिचे पान चावल्यास मांजराच्या तोंडाची आग होते, लाळ गळते.

गुलदस्त्यातली लिली तर घरात आणूच नका. अंगाला लागलेले तिचे पराग चाटले, तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. नुसती शंका आली, तरी त्याला लगेच जनावरांच्या दवाखान्यात न्या.