पडून राहिलेल्या करवत-यंत्राची जुळणी

जळगाव व धुळे जिल्ह्यांत वखर, तिफण यांच्यासाठी बाभळीचे कठीण लाकूड वापरण्याची जुनी रीत आहे. ते चिरण्यासाठी घरी मेजाचे गोल करवत-यंत्र असल्यास सोय होते; परंतु दोन-तीन पावसाळे पडून राहिलेले यंत्र तसेच चालू करणे धोक्याचे आहे.

प्रथम वीज तोडावी. मेजावरील गंज घासून तेलाचा हात द्यावा. चिरलेला पट्टा व तडा गेलेले पाते बदलावे. मोटारीतील ओल व अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे.

नंतर जुळणी करावी. पात्याच्या एका दातावर खूण करून, तो दात पुढे असताना व पाते फिरवून मागे आणल्यावर, मेजाच्या खाचेपासूनचे अंतर मोजावे. मापांत फरक आढळल्यास बोल्ट सैल करून ती सारखी करावीत. आधारपट्टीही पात्याला समांतर असावी. पट्टी व पाते यांत लाकूड आवळले गेले, तर ते उसळून चालविणाऱ्याच्या अंगावर येते. पाते मेजाशी काटकोनात असल्याची खात्री गुण्याने करावी.

चालविताना पात्याच्या रेषेत उभे राहू नये, उपरणे व हातमोजे काढून ठेवावेत आणि लाकडाचे शेवटचे टोक काठीने ढकलावे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पाहणीच्या वेळी ही मापे आधी घ्यावीत.