परदेशातील वाहनचालन आणि आपला परवाना

पुण्यातील कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. महर्षी अण्णासाहेब कर्वे यांनी १९०० साली आपला अनाथ बालिकाश्रम येथील झोपडीत आणला आणि या माळावर स्त्रीशिक्षणाचे केंद्र उभे राहिले. त्याच परिसरात आज मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. येथून उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थिनी व्हिसा, विमा, शिष्यवृत्ती यांची तयारी कसोशीने करतात. तेथील रस्त्याची तयारी मात्र सहसा कोणी करीत नाही.

परदेशात वाहन चालविण्यासाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो. त्याचे स्वरूप १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार ठरलेले असून त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते. त्यासाठी वेगळी परीक्षा नसते. मूळ परवाना ज्या वाहनाचा, त्याच प्रकारच्या वाहनापुरता तो चालतो. स्कूटरच्या परवान्यावर मोटार चालविण्याचा अधिकार मिळत नाही. चालकास आपल्या देशात परवाना आहे, एवढेच हा दस्तऐवज सांगतो. दुसऱ्या देशाचे नियम त्यास ठाऊक आहेत, असे तो सांगत नाही.

भारतात वाहतूक डावीकडून चालते, अमेरिका व जर्मनीत उजवीकडून. गजबजलेल्या रस्त्यावर पुढील वाहनांच्या मागे जाता येते, म्हणून तेथे चूक कमी संभवते. खरा धोका असतो तो मोकळ्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना किंवा वळण घेतल्यानंतर; त्या क्षणी जुनी सवय वाहन डावीकडे नेते. पायी चालणाराही रस्ता ओलांडताना आधी चुकीच्या दिशेस पाहतो. लांबच्या विमानप्रवासानंतर झोप अपुरी असताना तर लगेच वाहन हाती घेऊच नये.

बाजू बदलण्याखेरीज इतरही भेद आहेत. अमेरिकेत लाल दिवे लावून थांबलेल्या शाळेच्या बसमागे थांबावे लागते आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यासही. जर्मनीत खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्यास वाट देणे बंधनकारक आहे. असा नियम आपल्याकडेही आहे. पण आपल्या चौकांत तो पाळलेला क्वचितच दिसतो! त्यामुळे येथील चालकास तेथे तो नव्याने शिकावा लागतो. जर्मनीत राहावयास गेल्यावर भारतीय परवाना सहा महिनेच चालतो, पुढे लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते.

उलट दिशेनेही हाच प्रश्न आहे. परदेशी नोंदणीच्या खाजगी वाहनांबाबत केंद्र शासनाने २०२२ मध्ये नियम केले. नोंदणीपत्र, परवाना, विमा व प्रदूषण प्रमाणपत्र जवळ असावे आणि ते इंग्रजीत नसल्यास अधिकृत इंग्रजी भाषांतर सोबत असावे, असे त्यांत म्हटले आहे. कागदपत्रे अशी तपासता येतात, सवय तपासता येत नाही. मणिपूरमधील मोरे येथून म्यानमारमध्ये जाणाऱ्यास सीमेवरच बाजू बदलावी लागते, कारण त्या देशाने १९७० मध्ये उजवी बाजू स्वीकारली.

महाविद्यालयांनी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक तास याकरिता राखून ठेवणे अवघड नाही. अमेरिकेतील प्रत्येक राज्याचा मोटार विभाग चालकांसाठी नियमपुस्तिका प्रसिद्ध करतो. ती आधी वाचून घ्यावी, आणि तेथे पोहोचल्यावर पहिले काही दिवस जाणत्या चालकाशेजारी बसून रस्ता पाहावा.