दैनंदिन आहार आणि शरीरातील दाह

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकू लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने दाहाची हीच चार लक्षणे नोंदवून ठेवली आहेत. हा दाह म्हणजे रोग नव्हे. शरीराने जंतूंविरुद्ध उभारलेला तो प्रतिकार होय. रक्तातील पांढऱ्या पेशी जखमेकडे धाव घेतात, जंतूंचा नाश करतात आणि काम संपताच दाह शमतो.

दाहाचा दुसरा प्रकार मात्र राखेखालच्या निखाऱ्यासारखा असतो. त्यात ताप नसतो, सूज दिसत नाही. परंतु प्रतिकाराची यंत्रणा वर्षानुवर्षे मंदपणे चालूच राहते. मधुमेह, हृदयविकार आणि यकृताचे काही विकार यांच्याशी या दीर्घकालीन दाहाचा निकटचा संबंध असल्याचे आता स्पष्ट झाले आहे. व्यवहारात ‘दाह’ या शब्दाने छातीतील जळजळ किंवा अंगातील उष्णता सूचित होते. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही, हे प्रारंभीच लक्षात घेणे अगत्याचे आहे.

दाहाचे मोजमाप

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील टिलेट व फ्रान्सिस या संशोधकांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक विशिष्ट पदार्थ आढळला. तोच पुढे ‘सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन’ या नावाने ओळखला जाऊ लागला. शरीरात दाह वाढला की यकृत हे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करते. त्यामुळे रक्ततपासणीने दाहाचा अंदाज घेता येतो.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर दाहशामक औषधाचा प्रयोग करण्यात आला. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी न होताही पुन्हा झटका येण्याचे प्रमाण घटले. तथापि, जंतुसंसर्गाने दगावणाऱ्यांची संख्या किंचित वाढली. दाह समूळ नष्ट करणे हिताचे नाही, तो अकारण पेटता राहू नये एवढेच साधावयाचे आहे, हा बोध त्यातून मिळतो.

पोटाचा घेर आणि पुण्याचे संशोधन

चरबी ही केवळ साठवण नव्हे. पोटाच्या आतील अवयवांभोवती साचलेली चरबी दाह वाढविणारी द्रव्ये रक्तात सोडते आणि त्यामुळे इन्सुलिनचे कार्य मंदावते. भारतीयांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातून १९९३ पासून परिसरातील सहा गावांत माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालके ब्रिटनमधील बालकांपेक्षा वजनाने कमी भरली. परंतु त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने कमी नव्हती. दिसण्यात कृश असणारी व्यक्तीही आतून स्थूल असू शकते, असा याचा अर्थ होतो. म्हणूनच भारतीय पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा, असे मानले जाते.

ताटातील पदार्थांचा परिणाम

कोंडा, साली व पालेभाज्या यांतील चोथा मनुष्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातील उपकारक जंतू मात्र त्यावर जगतात. चोथ्यापासून ते जी आम्ले तयार करतात, त्यांमुळे आतड्याचे अस्तर बळकट राहते आणि दाह आटोक्यात येतो. मैद्याची बिस्किटे, पाव, शेव-फरसाण व साखरेची पेये यांत हा चोथा जवळजवळ नसतोच. शिवाय साखर रक्तात झपाट्याने चढते आणि गरजेपेक्षा अधिक उष्मांक चरबीच्या रूपाने साठतात.

वनस्पती तुपातील ट्रान्स मेद हा दाह वाढविणारा आणखी एक घटक. खाद्यतेले व वनस्पती तूप यांत त्याचे प्रमाण १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणण्यात आले आहे. तथापि, एकदा तळलेले तेल पुनःपुन्हा तापविल्याने होणारी हानी टाळणे हे ज्याच्या त्याच्या हाती आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुधारित आहारसूत्रे प्रसिद्ध केली. २,००० उष्मांकांच्या दैनिक आहारात धान्ये २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि फळे १०० ग्रॅम असावीत, अशी त्यांत शिफारस आहे. आपल्या बहुतेक घरांतील ताटांत भाकरी, पोळी वा भात भरपूर आणि भाजी चवीपुरती असते. ही भाजी बहुधा पुरुषांना व मुलांना आधी वाढली जाते. शेवटी जेवणाऱ्या गृहिणीच्या वाट्याला रस्सा उरतो. आहारसुधारणेचा प्रारंभ या पंगतीच्या क्रमापासून व्हावयास हवा.

त्यासाठी परदेशी फळांची वा महागड्या भुकट्यांची गरज नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी. मूग, मटकी, कुळीथ. चाकवत, अंबाडी, शेवग्याचा पाला हे सारे आपल्याच शिवारातले आहे. विदर्भ-मराठवाड्यातील जवसाची चटणी आणि कोकणातील तारली व बांगडा यांतून ओमेगा-३ हे उपयुक्त मेद मिळतात. हळदीतील दाहशामक द्रव्य शरीरात फारच अल्प शोषले जाते. ती फोडणीत अवश्य असावी, परंतु तिला औषध समजू नये.

गावपातळीवरील कार्य

शाळेच्या परसबागेतील शेवगा व पालेभाज्या मुलांच्या भोजनात येऊ शकतात. ग्रामसभेत व बैठकांत चहा-बिस्किटांऐवजी उकडलेल्या शेंगा, भाजलेले फुटाणे वा ताक देता येईल. आरोग्य शिबिरात वजनाबरोबर कमरेचा घेर मोजण्यास एक साधी फीत पुरते.

आहार हा उपचाराला पर्याय नव्हे, हेही ग्रामस्थांना सांगितले पाहिजे. सांधे दीर्घकाळ सुजत असल्यास, किंवा मधुमेह व रक्तदाब जडलेला असल्यास, वैद्यकीय सल्ला घेणे आणि औषधे चालू ठेवणे आवश्यकच आहे. तंबाखूचे व्यसन, अपुरी झोप आणि बैठे जीवन यांमुळेही दाह वाढतो. एका दिवसाच्या पथ्याने तो शमत नाही, तसा एका दिवसाच्या मेजवानीने भडकतही नाही. रोजच्या ताटात काय पडते, यावरच त्याचे कमी-अधिक होणे अवलंबून आहे.