व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त करताना

जुन्या लाकडी रेडिओंना पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागले आहे. घरोघरी माळ्यावर ठाण्यात बनलेला मर्फी किंवा फिलिप्सचा एखादा सेट पडलेला असतो. "फक्त चालू करून द्या" म्हणून तो आपल्या जिल्ह्यातील कारागिरांकडे येतो. अनेक वर्षे बंद असलेला सेट तपासल्याविना प्लगला लावू नये.

प्रथम सेट कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. व्हॉल्व्हचे नंबर 'ई'ने सुरू होत असतील, जसे ईसीएच ८१, ईएल ८४, तर बहुधा आत मेन्स ट्रान्सफॉर्मर असतो. 'यू'ने सुरू होत असतील, जसे यूसीएच ८१, यूसीएल ८२, यूवाय ८५, तर बहुधा तो नसतो. अशा सेटची पत्र्याची चॅसी थेट लाइनच्या एका तारेला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सगळ्या चॅसीत फेज येतो. ट्रान्झिस्टर सेटवर हात बसलेले तरुण कारागीर येथेच फसतात. अशा कामासाठी १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. खर्च होतो, पण जिवापेक्षा जास्त नाही. त्यावर सेट चालवताना चॅसीला अर्थ जोडू नये.

प्लग काढला म्हणजे धोका टळला असे नाही. फिल्टर कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट शिल्लक राहू शकतात. पेचकसाने ठिणगी पाडण्याची सवय सोडावी. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी त्या कंडेन्सरच्या दोन टोकांना काही सेकंद लावावा आणि मीटरने शून्य पाहूनच आत हात घालावा. एक हात मागे ठेवावा.

हे कंडेन्सर पडून पडून आतून बिघडतात. एकदम पूर्ण व्होल्टेज दिले तर तापून फुटतात व रेक्टिफायर व्हॉल्व्हही घेऊन जातात. ते बदलावेतच. शोभेसाठी जुना डबा जागेवर ठेवायचा असेल तर त्याच्या तारा सोडवून नवा खाली बसवावा. दोन्ही एकत्र जोडू नयेत. दुसरा चोर म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा मेणकागदी कपलिंग कंडेन्सर. तो गळू लागला की व्हॉल्व्ह लाल होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, जो आज सहज मिळत नाही. त्या जागी त्याच किमतीचा ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर घालावा.

पहिल्यांदा सेट चालू करताना सिरीज बोर्डवर ६० वॉटचा तारेचा बल्ब लावावा. एलईडी चालणार नाही. बल्ब उजळून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटलेला राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करावे. स्पीकर जोडलेला असलाच पाहिजे.

काम झाल्यावर मागचा पुठ्ठा आणि बटणे जागेवर हवीतच. बटणाचा उघडा स्क्रू 'यू' सेटमध्ये थेट चॅसीला लागलेला असतो, आणि घरात लहान मुले असतात.

भाव ठरवण्याआधी गिऱ्हाइकाला एक गोष्ट स्पष्ट सांगावी. आकाशवाणीचे अहमदनगर (आता अहिल्यानगर) केंद्र एफ.एम.वर आहे आणि हे बहुतेक सेट फक्त मिडियम व शॉर्ट वेव्ह पकडतात. त्यातही आकाशवाणीने अलीकडे अनेक मिडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद केले आहेत. कोणी पेटीत नवा एफ.एम. बोर्ड बसवून मागितला तर जरूर बसवावा, मात्र बिलावर तसे लिहावे. बोर्ड घालून 'अस्सल व्हॉल्व्ह सेट' म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे. सुट्या भागांसाठी पुण्याची बुधवार पेठ जवळची. जुने व्हॉल्व्ह मुंबईत लॅमिंग्टन रोड व चोर बाजारात शोधावेत, आणि शक्यतो तपासूनच घ्यावेत.