डिझेल पिकअप आणि सिंथेटिक ऑईल : डब्यावरचे नाव नव्हे, आकडे वाचा



आपल्या भागात पिकअप गाडी आता घरचीच झाली आहे. उसाची रोपे, खताची पोती, दुधाचे कॅन, बाजाराची भाजी, सगळे तिच्यातूनच जाते. ट्रॅक्टर एक दिवस थांबला तर कसेतरी भागते; पिकअप थांबली तर बाजार चुकतो आणि माल पडून राहतो.

या गाडीच्या इंजिन ऑईलबद्दल हल्ली एक प्रश्न वारंवार कानावर येतो. "सिंथेटिक टाकावं का? पैसे दुप्पट जातात, फायदा होतो का?" या लेखात आम्ही त्याचाच विचार करणार आहोत. उत्तर आधीच सांगून ठेवतो. तेल सिंथेटिक आहे की साधे, हा दुसरा प्रश्न. ते आपल्या गाडीसाठी सांगितलेल्या प्रतीचे आहे की नाही, हा पहिला. पहिला सोडून दुसऱ्याच्या मागे लागलो, तर दुप्पट पैसे मोजूनही गाडीचे नुकसान होते. बीएस-६ गाडीत तर ते फार महागात पडते.

तेल इंजिनात काय करते?

तेल म्हणजे वंगण, एवढेच आपण धरून चालतो. पण वंगण हे त्याचे एक काम झाले. पिस्टनला खालून थंड ठेवणे हे तेलाचेच काम आहे. तिथे रेडिएटरचे पाणी पोहोचत नाही. रिंग आणि लायनर यांच्यातली बारीक फट तेल भरून काढते. डिझेल जळताना जे आम्ल तयार होते, ते तेलातली औषधे मारून टाकतात. आणि जी काजळी खाली उतरते, ती तेल स्वतःच्या अंगावर घेऊन तरंगत ठेवते, गाळ बसू देत नाही.

म्हणूनच डिझेल गाडीचे नवे तेल थोड्याच दिवसांत काळे पडते. "तेल काळं झालं, म्हणजे डुप्लिकेट निघालं" असे पुष्कळजण म्हणतात, ते बरोबर नाही. काळे पडणे म्हणजे तेल काम करीत आहे. काळजी करायची ती दुसऱ्या लक्षणांची. तेल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी गेले आहे. काडीवर पातळ लागले आणि डिझेलचा वास आला तर त्यात डिझेल उतरले आहे. अशा वेळी गाडी थेट फिटरकडे न्यावी.

सिंथेटिक म्हणजे नेमके काय?

साधे तेल म्हणजे जमिनीतले कच्चे तेल शुद्ध करून काढलेले तेल. त्यात लहानमोठे, सगळ्या आकाराचे रेणू असतात. सिंथेटिकमध्ये रेणू कारखान्यात घडवलेले, जवळजवळ एकसारखे असतात. निवडक बेण्याचे कोंब जसे एकसारखे उगवतात, तसेच हे.

अमेरिकेच्या पेट्रोलियम संस्थेने, म्हणजे एपीआयने, मूळ तेलाचे पाच गट पाडले आहेत. पहिला आणि दुसरा गट साध्या तेलाचा. तिसऱ्या गटात कच्चेच तेल घेऊन त्यावर हायड्रोजनची इतकी प्रक्रिया करतात, की गुणाने ते घडवलेल्या तेलाच्या जवळ जाते. चौथा गट पूर्ण घडवलेल्या तेलाचा. पाचव्यात एस्टर वगैरे बाकीचे प्रकार येतात. जेट विमानाच्या इंजिनात एस्टरचे तेल वापरतात.

आता यातली मेख पाहा. तिसऱ्या गटाला सिंथेटिक म्हणायचे की नाही, यावरून अमेरिकेत दोन मोठ्या तेल कंपन्यांत वाद झाला. १९९९ साली तिथल्या जाहिरात तपासणाऱ्या मंडळाने निर्णय दिला, की म्हणायला हरकत नाही. तेव्हापासून बाजारातल्या पुष्कळशा 'सिंथेटिक' डब्यांत तिसऱ्या गटाचेच तेल असते. ते वाईट असते असे नव्हे, चांगले असते. पण 'सिंथेटिक' या शब्दावरून आत नेमके काय आहे ते कळत नाही. 'सेमी-सिंथेटिक'मध्ये तर किती साधे आणि किती सिंथेटिक, हे डब्यावर बहुधा लिहिलेलेच नसते.

आपल्या हवेत त्याचा फायदा किती?

सिंथेटिकचे नाव झाले ते मुख्यतः थंड मुलखात. उणे वीस-तीस अंशांत साधे तेल तुपासारखे थिजते, इंजिन फिरत नाही. आपल्याकडे पौषातली पहाट आठ-दहा अंशांची. त्या थंडीत १५डब्ल्यू तेलही सहज वाहते. सिंथेटिकचा हा गुण आपल्याला फारसा उपयोगी नाही.

उष्णतेची गोष्ट मात्र वेगळी. वैशाखात चाळीस अंशांच्या उन्हात भरलेली गाडी घेऊन खंबाटकी चढताना तेल अतिशय तापते. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. साधे तेल अशा उष्णतेत लवकर जळते, उडून कमी होते आणि टर्बोत कोळसा धरते. सिंथेटिक इथे जास्त टिकते, हा तिचा खरा फायदा. तरीसुद्धा घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नये. मिनिटभर सावकाश चालू ठेवावी, म्हणजे टर्बो थंड होतो. ही सवय फुकटची आहे आणि कोणत्याही तेलाला ती उपयोगी पडते.

डब्यावरचे आकडे

खताचे पोते घेताना आपण नुसते कंपनीचे नाव पाहत नाही. १०:२६:२६ आहे की १९:१९:१९, हे आधी पाहतो. तेलाच्या डब्यावरही असेच आकडे असतात. ते इंग्रजीत असतात एवढेच. घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावेत.

पहिला आकडा दाटपणाचा. १५डब्ल्यू-४० मधला पहिला भाग थंडीतला दाटपणा सांगतो आणि ४० हा इंजिन तापल्यावरचा, म्हणजे शंभर अंशांवरचा. ५डब्ल्यू-३० हे थंडीत आणि उष्णतेत दोन्हीकडे पातळ. जे इंजिन ३० साठी बनवले आहे त्यात ४० टाकून ते जास्त मजबूत होत नाही, आणि ४० वाल्या जुन्या इंजिनात ३० टाकले तर तेलाचा दाब कमी पडू शकतो.

दुसरा आकडा एपीआयच्या दर्जाचा. डिझेलसाठी 'सी'पासून सुरू होणारी अक्षरे असतात आणि शेवटचा ४ म्हणजे चार स्ट्रोकचे इंजिन. सीएच-४ हा दर्जा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा, सीजे-४ हा २००६ चा आणि सीके-४ हा २०१६ चा. यात पुढचा दर्जा मागच्याच्या जागी चालतो, मागचा पुढच्याच्या जागी चालत नाही. २०१६ मध्येच एफए-४ नावाचा आणखी एक पातळ दर्जा निघाला. तो मात्र जुन्या दर्जांच्या जागी चालत नाही. पुस्तिकेत सांगितला असेल तरच घ्यावा.

तिसरी खूण युरोपच्या संस्थेची, एसीईए सी२, सी३ अशी. बीएस-६ च्या पुष्कळ हलक्या डिझेल गाड्यांच्या पुस्तिकेत हीच मागितलेली असते.

बीएस-६ गाडीतली राख

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच विकायच्या असा नियम झाला. या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर सामान्यतः काजळी पकडणारा फिल्टर असतो. त्याला डीपीएफ म्हणतात. फिल्टर भरत आला की गाडी आपणहून धुराची उष्णता सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते.

आपल्या कारखान्याचा बॉयलर आठवा. बगॅस जळून जाते, पण राख उरते आणि ती काढावीच लागते. इथेही तसेच. काजळी जळते, पण इंजिनात थोडेथोडे जळणारे जे तेल असते, त्यातल्या कॅल्शियम, जस्त वगैरे औषधांची राख जळत नाही. ती फिल्टरच्या बारीक छिद्रांत कायमची बसते. म्हणून अशा गाडीला कमी राखेचे तेल लागते. सीजे-४ आणि सीके-४ मध्ये राखेची मर्यादा एक टक्का आहे, एसीईए सी३ मध्ये ०.८ टक्के. सीआय-४ मध्ये अशी मर्यादाच घातलेली नाही.

आपल्याकडे नुकसान होते ते इथेच. घरात ट्रॅक्टरसाठी २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० चे बॅरल आणलेले असते. "डिझेलचंच इंजिन आहे, तेलही चांगलं आहे" म्हणून तेच पिकअपमध्ये ओतले जाते. जुन्या बीएस-३, बीएस-४ गाडीत दर्जा जुळत असेल तर ते चालूनही जाईल. बीएस-६ मध्ये मात्र फिल्टर वेळेआधी तुंबतो, गाडी ओढत नाही, डिझेल जास्त खाते आणि शेवटी फिल्टर बदलावा लागतो. त्याची किंमत कित्येक वर्षांच्या तेलापेक्षा जास्त असते. डब्यावर 'सिंथेटिक' लिहिले असले तरी तेल जास्त राखेचे असेल तर परिणाम तोच. उलट, कमी राखेचे आणि योग्य दर्जाचे तेल सिंथेटिक नसले, पण पुस्तिकेत ते मान्य असले, तर ते बरोबर आहे.

बीएस-६ वाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. काजळी जाळण्यासाठी काही गाड्यांत जास्तीचे डिझेल सोडले जाते आणि त्यातले थोडे लायनरवरून चेंबरमध्ये उतरते. गाडी सारखी शेत ते गाव अशी दोन-तीन किलोमीटरच पळत असेल, तर काजळी जाळण्याचे काम अर्धवट राहते आणि तेलाची पातळी वाढते. "तेल कमी होत नाही, उलट वाढलंय" म्हणून खूश होऊ नये. काडीवरच्या वरच्या खुणेपेक्षा तेल वर गेले असेल तर ते बदलून घ्यावे. फिल्टरचा दिवा लागला तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी मोठ्या रस्त्यावर एका वेगाने चालवून काम पुरे होऊ द्यावे.

बदली कधी करावी?

"महागाचं टाकलंय, आता वर्षभर बघायला नको." सिंथेटिक टाकून गाड्या खराब होण्याचे हे नेहमीचे कारण आहे. सिंथेटिक तेल उष्णतेने कमी खराब होते, पण काजळी, डिझेल आणि धूळ त्यात साध्या तेलाइतकीच जमते. पाणंदीच्या धुळीत, भरल्या ओझ्याने, थांबत थांबत चालणाऱ्या गाडीला पुस्तिकेत कठीण वापर म्हणतात आणि त्यासाठी कमी किलोमीटरवर बदली सांगितलेली असते. आपल्या बहुतेक पिकअप त्याच वर्गातल्या.

धुळीवर तर कोणतेच तेल इलाज नाही. एअर फिल्टर फाटला किंवा त्याची क्लिप सैल राहिली, की बारीक वाळू आत जाऊन रिंगा आणि लायनर घासते. तेलासाठी जादा पैसे देण्याआधी एअर फिल्टर वेळेवर बदलावा.

आणखी एक सोय आहे. माती परीक्षणासारखे तेलाचेही परीक्षण होते. त्यात लोखंड, वाळू, काजळी, डिझेल आणि आम्ल मारण्याची उरलेली ताकद कळते. चार-पाच गाड्या बाळगणाऱ्याने बदलीची मुदत वाढवायची असेल तर नमुना तपासूनच वाढवावी, अंदाजाने नव्हे.

पैशाचा हिशेब

आता गाडी जुनी आहे आणि पुस्तिकेत दोन्ही तेले चालतात असे धरू. चेंबरमध्ये ६ लिटर तेल बसते. साधे ३०० रुपये लिटर, सिंथेटिक ६०० रुपये. फिल्टर आणि मजुरी ६०० रुपये. भाव आपापल्या गावचे घालावेत.

साध्या तेलाची बदली २,४०० रुपयांत होते, सिंथेटिकची ४,२०० रुपयांत. दोन्ही १०,००० किलोमीटरला बदलली तर किलोमीटरला २४ पैसे आणि ४२ पैसे. फरक १८ पैशांचा. वर्षाला ३०,००० किलोमीटर धरले तर ५,४०० रुपये.

हा फरक डिझेलमधून निघेल काय? डिझेल ९० रुपये आणि गाडी १२ किलोमीटर देते असे धरले, तर किलोमीटरला साडेसात रुपयांचे डिझेल जळते. त्यात २.४ टक्के बचत झाली तरच १८ पैसे निघतात. तेलाने होणारी बचत सहसा टक्का-दोन टक्क्यांच्या आसपास असते, आणि तीही मुख्यतः तेल पातळ असल्यामुळे. म्हणजे नुसत्या डिझेलवर हिशेब बसत नाही. घाटातली मोठी खेप, टर्बोवर सतत ताण, लांबचा बाजार असे असेल तर इंजिनाच्या आयुष्यासाठी हे पैसे घालणे समजण्यासारखे आहे. गाव ते शेत एवढीच धाव असेल तर योग्य दर्जाचे साधे तेल वेळेवर बदलणे पुरेसे. तेल पिणाऱ्या, धूर सोडणाऱ्या इंजिनात सिंथेटिक टाकून ते बरे होत नाही. आधी इंजिनाचे काम करावे.

थोडक्यात

१. गाडीची पुस्तिका काढून दाटपणा, एपीआय दर्जा आणि एसीईए खूण या तीन गोष्टी कागदावर लिहून गाडीतच ठेवाव्यात. दुकानात तो कागद दाखवावा.

२. बीएस-६ पिकअपचे तेल ट्रॅक्टरच्या बॅरलपासून वेगळे ठेवावे. डब्यावर रंगाने मोठी खूण करावी, म्हणजे घरातल्या कुणाकडूनही घोटाळा होणार नाही.

३. साधे आणि सिंथेटिक तेल एकमेकांत मिसळते. वाटेत तेल कमी पडले तर त्याच दर्जाचे दुसरे घालून घरी यावे, कोरडे इंजिन चालवू नये.

४. सुटे तेल घेऊ नये. सीलबंद डबा आणि पावती घ्यावी, रिकामा डबा भोक पाडून टाकावा.

५. तेलाबरोबर ऑईल फिल्टर बदलावा, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवावेत.

६. जळके तेल बांधावर, ओढ्यात ओतू नये. त्यात धातूचे कण आणि जळके द्रव्य असते, ते विहिरीत उतरते. अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच द्यावे.

गळीत हंगाम सुरू झाला की गाडीकडे बघायला कुणाला सवड नसते. म्हणून पावसाळा संपता संपताच पुस्तिका शोधून ठेवावी आणि आपल्या गाडीला कोणते आकडे लागतात ते एकदा पाहून घ्यावे, अशी आमची सर्व सभासदांना विनंती आहे.