दुकानात सगळेच लहान असतात

एंजलचे पर कुरतडलेत, हे आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. दुपारी टीव्ही बंद करून त्या फिश टँकसमोर खुर्ची ओढून बसायच्या. "अगं, इकडे ये. ही पट्टेरी कार्टी त्याला सुखानं उभं राहू देत नाहीत. उपरणं फाडलं बघ त्याचं." एंजलच्या पोटाखाली दोऱ्यासारखे दोन लांब पर लोंबतात, त्यातला एक अर्ध्यावर तुटला होता. आमच्यासमोरच एक टायगर बार्ब मागून आला, शेपटाचा तुकडा तोडला आणि मी त्यातला नव्हेच अशा थाटात दगडाआड गेला.

टाकी घेऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. लेकाचा वाढदिवस, रविवारची संध्याकाळ, आणि दुकानात एकाहून एक रंग. दोन फुटी टाकी घेतली: २४ इंच लांब, १२ रुंद, १२ उंच. काठोकाठ भरली तर साधारण ५६ लिटर, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४५ लिटरच्या आसपास पाणी उरतं. हा हिशेब मी नंतर केला. त्या दिवशी फक्त बोट दाखवत गेले. दोन गोल्डफिश, चार टायगर बार्ब, दोन एंजल, सहा निऑन टेट्रा आणि "काचेवरचं शेवाळ खायला" एक सकर. "एकत्र राहतील ना?" एवढं मात्र विचारलं होतं. "सगळे चालतात, ताई," दुकानदार म्हणाला आणि पिशव्यांना रबरबँड लावायला लागला.

पहिल्याच आठवड्यात दोन निऑन गेले. त्याला कुणाची दादागिरी कारण नव्हती, माझी घाई होती. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्ती करतात, आणि ती वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. मी त्याच संध्याकाळी नळाचं पाणी भरून पंधरा मासे सोडले. पाण्यातलं क्लोरीन मारणारे थेंब तेवढे घातले होते, हे नशीब.

उरलेले चार निऑन मात्र कुठे गेले ते कळेना. मेलेला मासा वर तरंगतो किंवा जाळीला चिकटतो, इथे काहीच नाही. चारांचे तीन झाले, पाचव्या महिन्यात एकच उरला. आणलं तेव्हा एंजल रुपयाच्या नाण्याएवढे होते, आता चांगलेच फोफावले होते. माशांच्या जगात तोंडात मावतो तो घास. दुकानात निऑन आणि एंजल शेजारी शोभतात, कारण तिथला एंजल अजून पोर असतो. दोघेही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, पाणीही दोघांना सारखंच मानवतं, म्हणून ही जोडी हौसेनं सुचवली जाते. पाणी जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं नाही.

गोल्डफिशची गोष्ट उलटी. त्यांचा स्वभाव गरीब, पण पाणी जुळेना. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, वीस अंशांच्या आसपास खुशीत असतो. एंजलसाठी मी हीटर २७ वर लावला होता. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे दोघे दिवसभर पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करायचे, आणि लेकाला वाटायचं त्यांना भूक लागलीय. तो आणखी दाणे टाकायचा. मग आणखी घाण.

सकरचे प्रताप रात्रीचे. एकदा पाणी प्यायला उठले आणि दिवा लावला, तर तो काच सोडून गोल्डफिशच्या कुशीला चिकटलेला. संथ, रुंद अंगाच्या माशावरचा बुळबुळीत थर ओरपायची त्याला सवय लागते. सकाळी तिथले खवले निघालेले होते. आणि हा प्राणी वर्षभरात वीतभर होतो, पुढे फूटभर किंवा त्याहून मोठा. दोन फुटी टाकीत त्याला धड वळताही येत नाही.

शेवटी एका रविवारी बादलीतून सगळे दुकानात परत नेले. दुकानदारानं कुरकुर न करता घेतले, पैसे अर्थातच मिळाले नाहीत. पण तेव्हा एक गोष्ट पाहिली, जी पहिल्या दिवशीच दिसायला हवी होती. त्यानं बार्ब बार्बच्या टाकीत ओतले, गोल्डफिश गोल्डफिशच्या, सकर सकरच्या. त्याच्या स्वतःच्या दुकानात एका टाकीत एकच जात होती.

त्यानंतर मी दोन महिने टाकी रिकामी चालवली आणि वाचत, विचारत बसले. आता शेजारपाजारचे मला विचारतात, तेव्हा मी आधी रंग विसरायला सांगते. मासा पूर्ण वाढल्यावर किती होईल, हे विचारा. दोन फुटी टाकीला पाच-सहा सेंटिमीटरच्या पुढे जाणारा मासा नको. मग तो एकटा राहणारा की थव्यातला? टायगर बार्ब मुळात गुंड नाही. आठ-दहा जण असले तर त्यांची पळापळ आपापसांत चालते. मी चारच आणले आणि त्यांनी राग इतरांवर काढला. पण आठ-दहांसाठी तीन फुटांची टाकी हवी, त्यामुळे आमच्या घरात तो नाहीच.

फायटरचंही विचारतात. नर एकच ठेवावा, आणि लांब रंगीत शेपटीच्या गप्पीबरोबर ठेवू नये, तो त्याला दुसरा फायटर समजतो. गप्पी आणायचे तर नुसते नर आणा. डासांच्या अळ्या खायला नगरपालिका गप्पी सोडते, ते उगाच नाही. त्यांचं प्रजनन आवरत नाही. "नुसत्या माद्या आणल्या" म्हणूनही सुटका नाही. दुकानातली मादी बहुधा गाभण असते, आणि एकदाच्या संबंधावर पुढे काही महिने पिल्लं देत राहते. आमच्या मजल्यावरच्या एका बाईंनी इतक्या घरी बरण्या भरून गप्पी वाटले, की लोक त्यांना पाहून दार लोटून घ्यायला लागले.

पाणी कुठून येतं तेही बघा. आमच्याकडे धरणाचं मऊ पाणी येतं, पण उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते आणि तो बोअरचा असतो, जड पाण्याचा. गप्पीला ते चालतं, निऑनला त्रास होतो. म्हणून टँकरच्या दिवसांत मी थोडं थोडंच पाणी बदलते.

आता टाकीत सहा चेरी बार्ब आहेत, हनी गोरामीची एक जोडी आणि तळाशी सहा कोरी. एकदम नाही आणले. पंधरा-वीस दिवसांच्या अंतरानं, आणि प्रत्येक वेळी आधी वेगळ्या टबात ठेवून, कारण अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके घेऊन आलेला एक मासा सगळ्यांना आजारी पाडतो. कोरींना लोक झाडूवाले समजतात. त्यांना बुडणारा खाऊ वेगळा टाकावा लागतो, इतरांच्या उष्ट्यावर त्यांचं पोट भरत नाही.

एक शेवटचं. मासा नकोसा झाला तर नदीत, तलावात सोडू नका. भीमेवरच्या उजनी धरणात सकर जाळ्यात येतो, कोळ्यांची जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. तो तिथला नाही, दक्षिण अमेरिकेतला आहे. भीमेत तो स्वतःहून आलेला नाही.

एंजल तेवढे दुकानात दिले नव्हते. ते माझ्या मैत्रिणीच्या चार फुटी, उंच टाकीत आहेत. तुटलेले पर महिनाभरात परत आले. सासूबाई फोनवर आधी त्याचीच चौकशी करतात, आणि मैत्रीण मोबाइल टाकीसमोर धरते.