गल्ला आणि खिसा
(नव्याने दुकान घालणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक पाठ)

नव्या दुकानदारांस उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी सूचना स्मरणिकेच्या संपादक मंडळाने केली तेव्हा प्रथम संकोच वाटला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. अर्थशास्त्राचा ग्रंथ मी वाचलेला नाही. तथापि धान्याच्या घाऊक व्यापारात चाळीस वर्षे बसल्यामुळे अनेक दुकाने उघडताना पाहिली, आणि त्यांतील कित्येक बंद होतानाही पाहिली. ती बंद का झाली याचा विचार करता एकच कारण पुनःपुन्हा समोर येते. तेच येथे मांडतो.

आपले कामरेज तापीच्या काठी, मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. सुरत शहर वाढत वाढत आपल्या दारापर्यंत आले. हिऱ्याच्या व कापडाच्या कामावर जाणारी कुटुंबे येथे राहू लागली आणि प्रत्येक नव्या सोसायटीखाली दुकानांचे गाळे निघाले. गिऱ्हाईक आहे, माल सुरत बाजारातून तासाभरात येतो, तूरडाळ जळगावहून येते. एवढी अनुकूलता असूनही नवे दुकान दोन-तीन वर्षांत बसते, ते का? माल खपत नाही म्हणून क्वचितच. बहुधा माल खपत असतानाच रोकड आटते. आणि रोकड आटण्याचा आरंभ होतो तो गल्ला आणि खिसा यांतील भेद पुसला गेला की.

पाठ पहिला : दुकान आपले, पण गल्ला आपला नव्हे

नव्या दुकानदाराच्या गल्ल्यात पहिल्याच आठवड्यात कधी नव्हे एवढे पैसे दिसतात. दिवसाची विक्री ९,००० रुपये झाली की आपण ९,००० मिळविले असे मनास वाटते. वस्तुतः त्यांतील सुमारे ८,१०० रुपये मालाचे, म्हणजे घाऊक व्यापाऱ्याचे किंवा भांडवलाचे असतात. उरलेल्या ९०० रुपयांवर भाडे, वीज, नोकराचा पगार यांचा हक्क आधी. सर्वांचे देऊन जे उरेल तेवढेच आपले.

म्हणून पहिल्या दिवसापासून दुकानदाराने स्वतःचा पगार ठरवावा. महिन्याच्या ठराविक तारखेस तेवढीच रक्कम उचलावी आणि रोजकीर्दीत ‘घरखाते’ म्हणून लिहावी. घरी नेलेली साखर, तेल, साबण हेही खरेदीच्या भावाने त्याच खाती लिहावे. आई किंवा पत्नी दुकानात बसत असेल तर तिच्या कष्टाचेही मोल लिहावे. नाहीतर दुकान नफ्यात आहे असा भ्रम होतो, आणि तो नफा प्रत्यक्षात तिच्या बिनपगारी श्रमाचा असतो.

पूर्वी गल्ला डोळ्यांसमोर असे. आता निम्मे पैसे मोबाईलवरून येतात. पुष्कळ तरुण दुकानाचा क्यू.आर. कोड आपल्या घरगुती बचत खात्याला जोडतात. मग त्याच खात्यातून मुलांची फी जाते, मोटारसायकलचा हप्ताही जातो, आणि घाऊक व्यापाऱ्याचे देणे भागविण्याच्या दिवशी खाते रिकामे निघते. दुकानासाठी बँकेत स्वतंत्र चालू खाते उघडावे व कोड त्यालाच जोडावा. हा खिसा आणि गल्ला वेगळा करण्याचाच आजचा उपाय होय.

पाठ दुसरा : भाव काढताना पूर्ण खर्च धरा

एक साधे उदाहरण घेऊ. ५० किलो डाळीचा कट्टा १०० रुपये किलो भावाने ५,००० रुपयांस घेतला. ११० रुपयांनी विकला. किलोमागे १० रुपये सुटले, म्हणजे विक्रीवर शेकडा नऊ, असा हिशेब नवा दुकानदार करतो. आता वाहतूक व हमाली १०० रुपये धरा. सुटे वजन करताना सांडलवंड व घट अर्धा किलो धरा. खर्च झाला ५,१०० रुपये आणि विकावयास मिळाली साडेएकोणपन्नास किलो डाळ. तिचे आले ५,४४५ रुपये. सुटले ३४५ रुपये, म्हणजे शेकडा सुमारे सव्वासहा. नवाचे सव्वासहा झाले, आणि अजून भाडे व वीज त्यात धरलेलीच नाही. शेजारच्या दुकानदाराने दोन रुपये उतरविले म्हणून आपणही उतरविण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडावा.

त्याचबरोबर कोणता माल किती दिवसांत फिरतो हेही पाहावे. थोड्या नफ्याचा परंतु आठ दिवसांत संपणारा माल भांडवल पुनःपुन्हा कामास लावतो. जास्त नफ्याचा म्हणून सहा महिने फळीवर बसलेला माल भांडवल अडवून ठेवतो.

पाठ तिसरा : उधारी

याविषयी मी अधिक लिहिणार आहे, कारण हा धडा मला फार महाग पडला.

वरच्याच दुकानाचे उदाहरण घ्या. रोजची विक्री ९,००० रुपये. त्यांतील तिसरा हिस्सा, म्हणजे ३,००० रुपये उधारीचा. आणि उधारी सरासरी ४५ दिवसांनी येते. म्हणजे कोणत्याही दिवशी १,३५,००० रुपये गिऱ्हाइकांकडे अडकलेले असतात. महिन्याची विक्री २,७०,०००, तीवर सरासरी शेकडा दहाप्रमाणे २७,००० रुपये सुटले व खर्च १८,००० वजा जाता ९,००० उरले असे धरू. तर अडकलेली रक्कम ही पंधरा महिन्यांचा निव्वळ नफा होय. आणि त्यांतील एकच गिऱ्हाईक ९,००० रुपयांची उधारी बुडवून गेले, तर मालाच्या किमतीचे ८,१०० रुपये भरून काढण्यासाठी ८१,००० रुपयांची, म्हणजे पूर्ण नऊ दिवसांची विक्री फुकट करावी लागेल.

२००८ साली आमच्या भागातील एक तरुण दुकानदार माझ्याकडून माल नेत असे. मेहनती होता, गोड बोलणारा होता. त्याचे बहुतेक गिऱ्हाईक हिरे घासणाऱ्या कारागिरांचे. पगार झाला की कारागीर उधारी चुकती करीत, त्यामुळे कोणास चिंता नव्हती. त्या वर्षी जागतिक मंदीची लाट आली आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरतेतील हिऱ्यांचे अनेक कारखाने उघडलेच नाहीत. हजारो कारागीर सौराष्ट्रात आपल्या गावी परतले. त्यांनी फसविले असे मी म्हणणार नाही. त्यांच्याच चुली विझल्या होत्या. परंतु या तरुणाची उधारीची वही तेवढी मागे राहिली. चार महिन्यांत त्याने दुकान बंद केले.

त्याच्याकडे माझी मोठी रक्कम येणे होती. लोक म्हणाले, शेठ, तुमचे पैसे बुडाले. मी मात्र रात्री विचार करीत बसलो, तेव्हा निम्मा दोष माझा आहे असे दिसले. तो दोन कट्टे मागावयास आला की मीच म्हणत असे, “पाच घेऊन जा, पैशाचे नंतर पाहू.” माझा माल खपत होता, त्याची पत वाढते आहे असे त्यास वाटत होते, प्रत्यक्षात त्याच्या गळ्यातील दगड जड होत होता. पुढे त्याने एका कारखान्यात नोकरी धरली आणि तीन वर्षांत माझी पै न् पै फेडली. व्याज मी घेतले नाही. परंतु त्याचे दुकान मी परत देऊ शकलो नाही. ती गोष्ट आजही मनास टोचते.

म्हणून घाऊक व्यापारी असूनही मी नव्या दुकानदारास सांगतो की, पहिले वर्षभर माझ्याकडून उधारीवर माल नेऊ नका. रोखीने जेवढा उचलता येईल तेवढाच उचला आणि रोखीवरचा कटावा हक्काने मागून घ्या. गिऱ्हाइकास उधारी देणे अगदीच टळत नसेल तर तीन नियम पाळा. एक, प्रत्येक घराची मर्यादा ठरवा आणि ती वहीत त्या घराच्या नावापुढे लिहा. दोन, मागील बाकी चुकती झाल्याशिवाय नवा महिना उघडू नका. तीन, एकाच कारखान्यावर किंवा एकाच धंद्यावर अवलंबून असलेल्या घरांत सगळी उधारी गुंतवू नका. नकार देताना आवाज चढवू नये. “दुकानाचा नियम आहे, भाऊ,” एवढे हसून सांगितले म्हणजे भले गिऱ्हाईक तुटत नाही.

पाठ चौथा : वही रोज लिहा, संकटाची तरतूद करा

दिवाळीस आपण सर्वजण भक्तिभावाने चोपडापूजन करतो, शुभ-लाभ लिहितो. परंतु वहीची खरी पूजा रात्री दुकान वाढविताना दहा मिनिटे बसून रोजकीर्द लिहिण्यात आहे. वही कागदाची असो की संगणकावरची, आजचा जमाखर्च आज मिळाला पाहिजे. महिन्यातून एकदा माल मोजावा. येणे, देणे आणि शिल्लक हे तीन आकडे घरातील मोठ्या माणसांसमोर वाचून दाखवावेत. घरच्यांनीही ते विचारावेत. त्यात अविश्वास नाही.

कायद्याची कामे पुढे ढकलू नयेत. अन्नपदार्थ विकणाऱ्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी वा परवाना हवा, आणि काट्याची वेळेवर पडताळणी करून शिक्का घ्यावा. जी.एस.टी.विषयी नव्या माणसास फार भीती वाटते. गुजरातेत केवळ मालाची विक्री करणाऱ्यास १ एप्रिल २०१९ पासून वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सामान्यतः सक्तीची राहिली नाही. परराज्यात करपात्र माल विकणाऱ्यास मात्र ही सवलत नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधून लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के कर लागू झाला. सुट्या मालावर तो नाही. नियम बदलत असतात, म्हणून वर्षारंभी जाणत्या कर सल्लागारास एकदा विचारून घ्यावे.

कर्ज काढावयाचे तर काटा, कपाटे, शीतपेटी अशा टिकाऊ वस्तूंसाठी काढावे. उधारीचे भगदाड बुजविण्यासाठी कधीही काढू नये. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ वर्गात ५०,००० रुपयांपर्यंत व ‘किशोर’ वर्गात ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. खासगी सावकाराच्या दारी जाण्यापूर्वी बँकेत जाऊन यावे.

विम्याविषयी एवढेच सांगतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. भिजलेले धान्य दोन दिवसांत आंबते. त्याचा वास मी विसरलेलो नाही. कट्टे लाकडी घोड्यांवर उंच ठेवावेत, मालाचा विमा उतरवावा व त्यात पुराचा समावेश आहे याची खात्री करून घ्यावी. याशिवाय तीन महिन्यांच्या भाड्यापगाराएवढी रक्कम बाजूस ठेवून मगच दुकानाचे उद्घाटन करावे. पाच लाख जवळ असतील तर दुकान चार लाखांचेच घालावे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा या बाजूच्या रकमेचे मोल अनेकांस कळले.

एक थोर उदाहरण

हीच तापी वरच्या अंगास ज्या खानदेशातून वाहत येते, त्या जळगाव जिल्ह्यातील वाकोद गावी १९३७ साली भवरलाल जैन यांचा जन्म झाला. वाणिज्य व कायद्याचे शिक्षण घेतल्यावर सरकारी अधिकाऱ्याच्या नोकरीचा मार्ग सोडून, १९६३ साली कुटुंबाच्या ७,००० रुपयांच्या बचतीवर त्यांनी रॉकेलविक्रीने धंद्यास आरंभ केला. रोजच्या गरजेचा माल आणि घरची पुंजी, एवढाच तो आरंभ. पुढे शेतकऱ्यास लागणाऱ्या वस्तूंच्या एजन्सी घेतल्या. १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा जुना कारखाना विकत घेतला. पुढे पाइप व ठिबक सिंचन यांतून त्यांच्या उद्योगाचे नाव देशाबाहेर गेले. १९९० च्या दशकात मूळ धंद्याबाहेरच्या क्षेत्रांत पाऊल टाकले तेव्हा त्यांच्या कंपनीसही तोटा सोसावा लागला, आणि ती पुन्हा शेतीशी निगडित कामाकडे वळली. २०१६ साली ते निवर्तले.

त्यांच्या पहिल्या रकमेकडे मी पुनःपुन्हा पाहतो. ते ७,००० रुपये तीन पिढ्यांच्या काटकसरीचे होते. आपल्या तरुणांच्या हाती येणारे भांडवलही असेच असते. ते वडिलांच्या भविष्यनिधीचे असते, आईच्या बांगड्यांचे असते, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले असते. गल्ल्यात हात घालताना तो पैसा कोणाचा आहे याची आठवण राहिली, तर वरील चारही पाठ आपोआप पाळले जातील.

नव्याने दुकान घालणाऱ्या प्रत्येक भावास व भगिनीस माझे विनंतीपूर्वक सांगणे की, पहिल्या सहा महिन्यांनी आपली वही घेऊन कोणाही अनुभवी व्यापाऱ्याकडे जावे. माझ्या पेढीवर आलात तर चहा घेऊ आणि वही उघडून बसू. त्या दिवशी माल विकण्याची गोष्ट मी काढणार नाही.